मेहेर माफ करण्याआधी

पत्र चिपळूण तालुक्यातून आलं आहे. लिहिणारी ओळखू येईल असं सगळं गाळून सारांश देते.

वय ३३. डी.एड. होऊन खासगी शाळेत शिकवतात, पगार बेताचा. निकाहाला ११ वर्षं झाली. नवरा कुवेतला नोकरीला. सुरुवातीला तो वर्षातून एकदा यायचा, पैसेही यायचे. मग येणं लांबत गेलं. गेल्या तीन वर्षांत तो गावी फिरकलेला नाही आणि पैसे बंद होऊन दोन वर्षं चार महिने झाले. सासरचे टोमणे ऐकून ऐकून त्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आल्या. नवऱ्याने शेवटचा फोन केला तो एवढं सांगायला : "तलाक देणार नाही, नांदवणारही नाही. राहा लटकत." मोहल्ल्यातल्या जमातीने, म्हणजे समाजाच्या पंचायतीने, बैठक घेतली. ठरलं असं, की बाईने खुला (बायकोने मागून घ्यायचा घटस्फोट) मागावा, ५१ हजारांचा मेहेर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचं ठरलेलं धन, जे आजवर हातात पडलेलंच नाही) माफ करावा आणि मेहेरातच लिहिलेलं, अंगावर घातलेलं पाच तोळे सोनं परत करावं; मग नवऱ्याला राजी करायचं जमात बघेल. कोर्टाचं नाव काढल्यावर अब्बा म्हणाले, कोर्टाने तोडलेला निकाह शरियतमध्ये तुटत नाही, पुढे दुसरा केलास तर हराम. सासरचे म्हणतात, मुलगी सातची झाली, आता ती आमची. भाऊ म्हणतो, सही कर आणि मोकळी हो. बाईंचा प्रश्न एका ओळीचा आहे : "मी सुटायला बघते आहे, म्हणजे मी अल्लाच्या कायद्याविरुद्ध जाते आहे का?"

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात 'खुला' हा शब्द सतरा वेळा आलाय, मी मोजला. 'सबर' नऊ वेळा. 'नफका' एकदाही नाही. नफका म्हणजे बायकोच्या अन्न-वस्त्र-निवाऱ्याचा खर्च, निकाह कबूल करताच नवऱ्याच्या अंगावर येणारं कर्तव्य. ते ज्याने दोन वर्षं चार महिने पाळलं नाही, त्याच्या बाबतीत हा शब्द तुम्हाला आठवूही नये, आणि तुम्ही परत करायच्या सोन्याचा हिशेब मात्र गुंजेपर्यंत लिहावा, हे वाचून मी पत्र जरा वेळ बाजूला ठेवलं.

मी आलिमा नाही, फतवा देणार नाही. वकिली केली, तीस वर्षं, बरीचशी कोकणातल्या कोर्टांत. त्या अनुभवावर आणि थोड्या वाचनावर लिहिते आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते : नाही, जात नाही आहात. आता सविस्तर.

तुम्ही, भाऊ, जमात, सगळ्यांनी एक गोष्ट धरूनच ठेवली आहे : पुरुष सोडतो तेव्हा तलाक आणि बाई सोडते तेव्हा खुला. दोनच दारं. पुरुषाच्या दाराची किल्ली पुरुषाकडे आणि बाईच्या दाराचीही किल्ली पुरुषाकडेच, फक्त तिने ती विकत घ्यायची. ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की शिकलेल्या मुलीही तीच धरून चालतात. पण शरियतमध्ये दारं जास्त आहेत. तलाक आहे, खुला आहे, दोघांनाही नको असेल तर मुबारात आहे, आणि नवऱ्याच्या चुकीमुळे किंवा असमर्थतेमुळे काजीने निकाह तोडणं, ते फस्ख. तुमचं प्रकरण मी वाचलं तसं ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फस्खचं आहे. तुम्हाला उभं केलंय ते मात्र खुलाच्या दाराशी.

फरक का पडतो ते सांगते. खुलाची मूळ गोष्ट तुम्ही मदरशात ऐकली असेल, साबित बिन कैस यांच्या पत्नीची. ती पैगंबरांकडे आली आणि म्हणाली, त्यांच्या वागणुकीत किंवा दीनमध्ये (धर्मपालनात) मी खोट काढत नाही, पण त्यांच्याबरोबर राहणं मला जमत नाही. तिला विचारलं गेलं, मेहेर म्हणून मिळालेली बाग परत करशील? ती हो म्हणाली. साबितना सांगितलं गेलं, बाग घे आणि हिला तलाक दे. ही हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) बुखारीच्या संग्रहात आहे. आता तुमची गोष्ट तिच्याशेजारी ठेवून बघा. तिथे नवऱ्याची चूक नव्हती. ती म्हणालीच तसं. बाग तिच्या ताब्यात होती. आणि तिला न आवडणाऱ्या संसारात कोणी अडकवून ठेवलं नाही, एका बैठकीत निकाल लागला. तुमच्याकडे चूक पूर्ण नवऱ्याची, मेहेरातली 'बाग' निम्मी अजून त्याच्याच खिशात, आणि निकाल लटकलेला. जमातीने या हदीसमधलं फक्त 'बाग परत कर' एवढंच उचललं आहे.

उलट, जे कोणी तुम्हाला मेहेर सोडायला सांगताहेत त्यांच्यासमोर कुराणातली सूरा निसा उघडून ठेवा. एकोणिसाव्या आयतीत बजावलं आहे की बायकांना दिलेल्यातलं काही परत उकळण्यासाठी त्यांना अडवून ठेवू नका. त्याच्या पुढच्याच आयतीत, ढीगभर सोनं दिलं असलं तरी त्यातलं काही माघारी घेऊ नका, असं आहे. आणि नवऱ्याने जो शब्द वापरला, 'लटकत', तोसुद्धा त्याच सूरेत सापडतो : १२९व्या आयतीत बायकोला अधांतरी लटकलेलीसारखी सोडू नका असं म्हटलं आहे. ती आयत एकाहून जास्त बायका असणाऱ्याबद्दल आहे हे खरं. पण एकच बायको असणाऱ्याला लटकवायची मुभा आहे असं त्यातून कोणी काढत असेल तर त्याच्यापुढे मी हात टेकते. छळून किंवा अडवून बायकोला खुला मागायला लावला, तर तो मोबदला घेणं नवऱ्याला योग्य नाही, हे फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, जाणकारांनी फार जुन्या काळापासून लिहून ठेवलं आहे.

तुम्ही कोकणी आहात, म्हणजे बहुधा शाफिई. देशातले बहुसंख्य मुसलमान हनफी. (हे सुन्नींतले दोन मजहब, म्हणजे कायद्याच्या परंपरा.) आपला किनारा, भटकळ, केरळ हे शाफिई. तुमच्या वाड्यावर कोणी बाहेरून शिकून आलेले मौलाना असतील तर ते हनफी पुस्तकातून बोलत असण्याची शक्यता आहे, आणि हनफी मत नफक्याच्या कारणावरून निकाह तोडायला फार नाखूश होतं. शाफिई मताने मात्र नवरा नफका द्यायला असमर्थ ठरला तर बायकोला फस्ख मागता येतो. तुमचा नवरा असमर्थ आहे की नुसता देत नाही, यावर जाणकारांत मतभेद होतील, मान्य. पण 'आपल्यात बाईला असा हक्कच नाही' हे वाक्य तुमच्याच मजहबला धरून चूक आहे. मौलानांना अदबीने विचारा : हा मसला शाफिई फिकहप्रमाणे सांगता का? कधी कधी एवढ्यानेही बैठकीचा सूर बदलतो.

आता कोर्ट. ज्या कायद्याखाली तुम्हाला दावा लावता येईल तो १९३९चा, मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम. तो इंग्रजांनी लादला किंवा नंतरच्या कुठल्या सरकारने शरियत मोडायला आणला, असं गावोगावी बोललं जातं. त्याची जन्मकथा अगदी वेगळी आहे. हनफी मताने बायकांना बाहेर पडायची वाट जवळजवळ बंद होती. नवरा परागंदा झालेल्या, छळणाऱ्या नवऱ्याच्या कचाट्यात सापडलेल्या बायका, विशेषतः पंजाबात, शेवटचा उपाय म्हणून धर्मच सोडायला लागल्या, कारण धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो असं कोर्ट धरायचं. हे पाहून हादरले ते उलेमाच. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३१ साली सविस्तर लिहून मांडलं की अशा अडचणीत हनफींनी मालिकी या दुसऱ्या मजहबच्या मताचा आधार घ्यावा आणि या बायकांना फस्ख मिळू द्यावा. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य काझमी यांनी तिथे विधेयक आणलं, उलेमांच्या पाठिंब्याने, आणि १९३९ला कायदा झाला. मुस्लिम कायद्यातल्या तरतुदी एकत्र करून स्पष्ट करण्यासाठी हा कायदा आहे, असं त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं आहे. धर्म वाचवायला उलेमांनी जो दरवाजा उघडून घेतला, तो आज धर्माच्या नावाने तुमच्यासमोर लावला जातोय.

त्यातल्या दुसऱ्या कलमात कारणं दिली आहेत. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसणं, दोन वर्षं पोटगी न देणं, योग्य कारणाशिवाय तीन वर्षं वैवाहिक कर्तव्यं न पाळणं, सात वर्षांची किंवा त्याहून मोठी कैद, क्रूरता, आणखीही आहेत. तुमच्याकडे दोन वर्षांचं कारण पुरेपूर आहे आणि तीन वर्षांचंही जवळजवळ तयार आहे. एकच कारण सिद्ध झालं तरी चालतं. आणि पाचवं कलम जमातीला वाचून दाखवण्यासारखं आहे : या कायद्याने निकाह तुटला म्हणून बायकोच्या मेहेरच्या हक्काला धक्का लागत नाही. म्हणजे खुलाच्या दाराने गेलात तर ५१ हजार आणि पाच तोळे देऊन सुटका. या दाराने गेलात तर सुटका, सोनं तुमचं आणि ५१ हजार त्याच्याकडून येणं. भाऊ 'सही कर आणि मोकळी हो' म्हणतो तेव्हा या एका सहीची किंमत त्याला कोणी सांगितलेली नसणार. भावाचा राग करू नका. त्याला घाई आहे ती तुमच्याच काळजीने.

अब्बांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. मुस्लिम न्यायाधीशानेच असे दावे ऐकावेत, असं मूळ विधेयकात कलम होतं. ते गाळलं गेलं आणि त्याचं उलेमांना वाईट वाटलं. बिगरमुस्लिम न्यायाधीशाने तोडलेला निकाह दीनच्या दृष्टीने तुटतो का, यावर तेव्हापासून दोन मतं आहेत. अब्बा त्यातलं एक मत मांडताहेत, तुमचं वाईट चिंतून नाही. पण त्यावर उपाय आहे आणि तो अनेक घरांनी केलेला मी पाहिला आहे : आधी कोर्टाची डिक्री, मग ती घेऊन दारुल कजाकडे (शरियतप्रमाणे निवाडा देणारी समाजाची संस्था) किंवा मानणाऱ्या काजीकडे जाऊन फस्खवर त्यांचंही शिक्कामोर्तब. किंवा दोन्ही बरोबरीने चालू ठेवा. एकाने कायद्याचा पाय पक्का, दुसऱ्याने अब्बांचं मन. फक्त दारुल कजाच्या कागदावर मात्र थांबू नका. फतव्याला किंवा दारुल कजाच्या निकालाला कायद्याचं बळ नाही, कोणावर तो लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं. २०२३ला मद्रास उच्च न्यायालयानेही सांगितलं की शरियत कौन्सिलचं खुला प्रमाणपत्र चालणार नाही, बाईने कुटुंब न्यायालयात जावं. उद्या नवरा उलटला आणि 'ही अजून माझी बायको आहे' म्हणाला, तर तुमच्या हातात डिक्री हवी.

नवरा राजी नसेल तर खुला होतच नाही, हे जमातीचं दुसरं गृहीतकसुद्धा आता तेवढं पक्कं राहिलेलं नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ साली आणि तेलंगण उच्च न्यायालयाने २०२५ साली म्हटलं आहे की खुला हा बायकोचा स्वतःचा हक्क आहे, तो नवऱ्याच्या संमतीवर अवलंबून नाही. हे निकाल महाराष्ट्रातल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, वकील युक्तिवादात वापरू शकतात एवढंच. हे सांगते आहे ते तुम्हाला खुलाकडे वळवायला नाही, 'त्याच्या हातापाया पडावं लागेल' ही भीती जरा सैल व्हावी म्हणून.

आता एक अवघड गोष्ट विचारते, रागावू नका. तुम्हाला निकाह तोडायचाच आहे का? पत्रात तुम्ही 'सुटायचंय' लिहिलंत, पण तिसऱ्या पानावर 'तो परत आला आणि नीट वागला तर' असंही एक वाक्य आहे, खोडलेलं, पण वाचता येतं. तसं मनात असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग घटस्फोटाचा दावा न लावता फक्त पोटगी मागता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, त्याखाली तुम्ही राहता तिथल्या कोर्टात, स्वतःसाठी आणि मुलीसाठी. अंतरिम पोटगीचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायद्यातच आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, ते मी लपवत नाही. पोटगीची नोटीस गेल्यावर कुवेतहून फोन सुरू झालेले मी पाहिले आहेत आणि न झालेलेही. दोन्ही घरांचा एकेक माणूस बसवून समेट बघावा असं कुराणातच आहे, तेही करून बघा. फक्त तुमच्या बाजूने कोण बसणार हे तुम्ही ठरवा. तुमच्या पत्रातल्या बैठकीत सात पुरुष होते आणि तुम्ही माजघरात.

खुलाची तडजोड कधीच करू नये असंही माझं म्हणणं नाही. तीन-चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची कोणाची ताकद नसते. कोणाच्या डोळ्यापुढे दुसरं स्थळ असतं. कोणाला त्या माणसाचं नावसुद्धा ऐकायचं नसतं. अशा बाईने मेहेर सोडला तर मी तिला मूर्ख म्हणणार नाही. पण सोडताना काय सोडते आहे ते कागदावर स्पष्ट हवं. एका बाईने माझ्याकडे आणलेल्या खुलानाम्यात 'सर्व हक्क माफ' असं एका ओळीत लिहिलं होतं. ती मेहेर समजून बसली होती. समोरची बाजू त्यात मुलाचा खर्चसुद्धा धरत होती. मुलांचा खर्च हा मुलांचा हक्क आहे, आई तो माफ करू शकत नाही. मुस्लिम बापाला अल्पवयीन मुलांचा, आणि मुलीचा लग्न होईपर्यंतचा, खर्च चुकत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केलेलं आहे. कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या कागदावर, उर्दूत लिहिलेल्या आणि तुम्हाला वाचता न येणाऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही.

मुलीबद्दल. सातचा आकडा सासरच्यांनी हवेतून काढलेला नाही, पण सोयीने वापरला आहे. शाफिई मताने साधारण सातव्या वर्षी मूल जाणतं झालं की कोणाकडे राहायचं हे त्यालाच विचारतात. हनफी मताने मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे. सातला आजी-आजोबांनी उचलून न्यावं हे दोन्हीत कुठे बसत नाही. आणि कोर्टात गेलं तर १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याने सगळ्यात वर मुलाचं हित. ती आठ वर्षं तुमच्याकडे आहे, तुमच्या शाळेत शिकते आहे, बापाने तिला तीन वर्षांत पाहिलेलं नाही. मला या आघाडीवर तुमची फारशी काळजी वाटत नाही. ती शाळेतून कोणाबरोबर घरी जाईल हे मात्र मुख्याध्यापकांना लेखी देऊन ठेवा.

पैशांचं थोडं. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही त्या पोटगीच्या कलमाखाली अर्ज करता येतो. घटस्फोटित मुस्लिम बायकांसाठीचा १९८६चा कायदा त्याच्या आड येत नाही. त्या १९८६च्या कायद्याखाली घटस्फोटितेला रास्त आणि न्याय्य रक्कम मागता येते, नुसता इद्दतपुरता (निकाह तुटल्यावर पुढच्या निकाहाआधी थांबायच्या मुदतीपुरता) खर्च नव्हे, हे २००१पासून ठरलेलं आहे. आणि तुम्हाला ऐकून बरं वाटेल, याच कायद्याखालचं एक प्रकरण तुमच्या चिपळूणच्याच कोर्टात सुरू झालं होतं, नवरा सौदीला. ते मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२४मध्ये निकाल लागला की बाईने पुढे दुसरा निकाह केला तरी पहिल्या नवऱ्याकडून येणं असलेली ती रक्कम बुडत नाही. आदेश मिळणं आणि पैसे हातात पडणं यात अंतर असतं. नवरा परदेशात असला की जास्तच. म्हणून त्याच्या नावावर इथे काय आहे, घराचा हिस्सा, आंब्याची कलमं, बँकेतलं खातं, ते आत्ताच शोधून सातबारे काढून ठेवा. मेहेरचा दावा निकाह तुटल्यापासून तीन वर्षांत लावायचा असतो, तोही विसरू नका.

कागद आजपासून गोळा करा. निकाहनाम्याची नक्कल जमातीच्या दफ्तरातून लेखी अर्ज देऊन मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तुमच्या बँकेचं गेल्या पाच वर्षांचं विवरण काढा : पैसे कधी येत होते आणि कोणत्या महिन्यापासून आले नाहीत, हे त्याहून चांगलं कोणी सांगणार नाही. फोन बदलू नका, व्हॉट्सअॅपवरचं काही उडवू नका. 'राहा लटकत' हे तो बोलला तेव्हा स्पीकरवर कोण ऐकत होतं? अम्मी? मग अम्मी साक्षीदार. त्याचा वकील म्हणेल की ही स्वतःहून माहेरी गेली, म्हणून पोटगीचा हक्क गेला. त्यावर न्यायालयांची मतं सारखी नाहीत. केरळात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७० सालीच म्हटलं होतं की दोन वर्षं पोटगी मिळाली नाही एवढं पुरे, का मिळाली नाही ते खोदत बसू नये. तरी तुम्ही घर का सोडलंत ते तारखांसकट आजच वहीत लिहून ठेवा. वर्षभराने तारखा आठवत नाहीत.

वकिलाच्या फीची चिंता लिहिलीत. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७च्या विधी सेवा कायद्यातच तसं आहे. चिपळूणच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती बसते. साध्या कागदावर अर्ज द्या. मुस्लिम बायकांचे खटले चालवलेला वकील मागा, नाहीतर फस्ख म्हणजे काय हे तुम्हालाच शिकवत बसावं लागेल. (माझ्यावर आली आहे ती वेळ, दुसऱ्या बाजूने : समोरचे वकील खुला आणि मुबारात एकच समजून अर्धा तास बोलले होते.)

आणि समजा या सगळ्याचा वास लागून नवऱ्याने रागाने तीन वेळा तलाकचा संदेश पाठवला, तर 'सुटले' म्हणून पेढे वाटू नका. एका दमातला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७मध्ये रद्द ठरवला आणि २०१९च्या कायद्याने तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. म्हणजे तो संदेश आला तरी कायद्याने निकाह कायमच. घरचे म्हणतील, दिला ना तलाक, आता दुसरं स्थळ बघू. तिथे थांबायचं. संदेश जपून ठेवायचा, वकिलाला दाखवायचा. इद्दतही तशीच. तीन वर्षं वेगळे राहिलो म्हणजे इद्दत झालीच, हा गैरसमज आहे. ती निकाह तुटल्यापासून मोजायची.

जमात वाळीत टाकेल का, हे तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंत, जणू मला दिसू नये म्हणून. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, २०१६चा, आणि तो सगळ्या जातीजमातींना लागू आहे. कोर्टात गेली म्हणून कुणाला मय्यतीला, निकाहाला बोलवायचं नाही असा ठराव करणं गुन्हा आहे. पण या कायद्याचं नाव पहिल्याच बैठकीत घेऊ नका, माणसं ताठरतात. जमातीत तुमच्या बाजूचा एक तरी म्हातारा असतो, सगळ्या जमातींत असतो. त्याच्या घरी जा, चहा प्या, निसातल्या त्या दोन आयती त्यालाच वाचायला सांगा.

मिरजोळी तुमच्यापासून किती लांब, तुम्हाला माहीतच आहे. तिथल्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. मोर्च्यात बायका होत्या सात. दलवाईंची सगळीच मतं तुमच्या अब्बांना पटणार नाहीत, पटावीत असा माझा आग्रहही नाही. पण 'आपल्याकडच्या बायका असं काही करत नाहीत' असं कोणी म्हणालं की मला त्या सात जणी आठवतात.

शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की धाकट्या बहिणीचा निकाह डिसेंबरात ठरलाय. तिच्या निकाहनाम्यात अटी घालून घ्या, निकाह पढवायच्या आधी. इतके महिने खर्च पाठवला नाही, किंवा इतकी वर्षं परदेशातून आला नाही, तर तिला स्वतःला तलाक घेण्याचा अधिकार नवऱ्याने दिला आहे, अशी अट. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात आणि न्यायालयांनी अशा अटी मान्य केलेल्या आहेत. शब्दरचना वकिलाकडून आणि शाफिई जाणकाराकडून तपासून घ्या. आणि मेहेर उधार लिहू देऊ नका. नगद, त्याच दिवशी, तिच्या हातात. नवरदेवाकडचे कुरकुरले तर अब्बांना म्हणावं, माझं बघा.